माणसाने दिवसाला किती पाणी प्यावे? : एक इतिहास आणि एक जमाखर्च

दरवर्षी जून महिन्यात आपल्या निवासी शाळेत प्रवेशाची लगबग सुरू होते. पत्र्याची पेटी, गादीची वळकटी आणि डोळ्यांत पाणी घेऊन लेकरे येतात. त्यांना सोडायला आलेले आईवडील निघताना बहुधा एकच गोष्ट सांगून जातात, "गुरुजी, पोरगं पाणी पीत नाही, तेवढं बघा." अभ्यासाचे, शिस्तीचे, खर्चाचे बोलणे आधी होऊन गेलेले असते. पाण्याचे मात्र अगदी शेवटी, उंबरठ्यावर निघते. या सांगण्यामागची काळजी आम्ही अनेक वर्षे ऐकत आलो. पण 'किती पाणी प्यायला हवे' या प्रश्नाला नेमके उत्तर आम्हाला देता येत नव्हते. कोणी आठ ग्लास म्हणते, कोणी तीन लिटर म्हणते, कोणी पहाटे उठून चार तांबे रिचवायला सांगते. स्मरणिकेच्या निमित्ताने या प्रश्नाचा थोडा अभ्यास केला. तो माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. पाणी पिण्याचा विषय विज्ञानाच्या शिक्षकांचा, त्यात इतिहासवाल्यांनी का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की या देशात माणसाने किती पाणी प्यावे हे कित्येक शतके त्याच्या तहानेने ठरविले नाही. ते ठरविले पाणी वाढणाऱ्याच्या हाताने. म्हणून आधी इतिहास, मग शरीरशास्त्र आणि शेवटी आपले आचरण, असा क्रम आम्ही घेतला आहे.

तहानेचा इतिहास

बाबासाहेबांचे बालपणीचे अनुभव आपण सर्वांनी वाचले आहेत. पण या प्रश्नाच्या संदर्भात ते पुन्हा आठवावेत. साताऱ्याच्या शाळेत त्यांना नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शाळेच्या शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसला तर पाणी नाही. शाळा सुटेपर्यंत तहान दाबून ठेवायची आणि घरी जाऊन प्यायचे, एवढाच मार्ग उरे.

दुसरा प्रसंग १९०१ सालचा. वडील गोरेगाव येथे रोखपालाचे काम करीत होते. त्यांना भेटण्यासाठी बाल भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले मसूर स्थानकावर उतरली. वडिलांचा माणूस न्यायला आला नाही. जात कळल्यावर गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक गाडी मिळाली आणि तीही मुलांनी स्वतः हाकायची होती. रात्री टोलनाक्यापाशी मुक्काम पडला. बरोबर भरपूर फराळ होता, पण पाणी नव्हते. टोलनाक्यावरच्या माणसाकडे पाणी मागितले, तेही मिळाले नाही. घशाखाली घास उतरेना. अन्नाचा डबा जवळ असून ही मुले उपाशी झोपली. अन्न आणि पाणी यांचा संबंध किती जवळचा आहे, हे कोणत्याही आरोग्याच्या पुस्तकापेक्षा हा प्रसंग अधिक स्पष्ट सांगतो. पाण्यावाचून अन्नही माणसाचे राहत नाही.

त्याआधी १८६८ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यातील आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. एका घराने हे केले. शासनाला त्यासाठी आणखी अर्धशतक लागले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात असे ठरले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले. ठराव कागदावर झाला, पण तळ्यापर्यंत कोणी जाऊ शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंच्या समुदायासह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले, दिवाणी दावा लागला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय आपल्या बाजूने लागला. एका ओंजळीची किंमत दहा वर्षांची लढाई होती.

आपल्या भागाच्या संदर्भात एक योगायोग आम्हाला नेहमी अस्वस्थ करतो. आपले कोल्हार प्रवरेच्या काठी वसले आहे. सह्याद्रीतून निघालेली ही नदी पुढे प्रवरासंगमाला गोदावरीस मिळते. तिच्यावरचे भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी या मुलखातील शेतीचे रूप पालटले. दगडी भिंत बांधून, डोंगरातील पाणी अडवून, मैलोन्‌मैल दूर उसाच्या सरीपर्यंत ते पोहोचविण्याची विद्या माणसाने १९२६ पर्यंत साध्य केली होती. त्याच्या पुढच्याच वर्षी, याच प्रांतात, माणसांना ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. उसाला पाणी देण्यात समाजाला अडचण वाटली नाही. माणसाला देण्यात वाटली.

आमची आजी बाहेरगावी निघताना घरातून तांब्याभर पाणी पिऊन निघे आणि परत येईपर्यंत पाण्याचे नाव काढीत नसे. वाटेत कोणाच्या दारात मागायचे आणि वरून ओतलेली धार ओंजळीत झेलायची, हे तिला नको होते. पुढे काळ बदलला, वाडीत नळ आला, एसटीच्या स्थानकावर पाणपोई आली, तरी तिची सवय गेली नाही. 'तहान मारायला शिकावं,' असे ती आम्हा नातवंडांना सांगे. स्वाभिमान राखण्याचा तो तिचा मार्ग होता. पण अपमान टाळण्यासाठी लागलेली सवय अपमान संपल्यावरही शरीरात राहते आणि पुढच्या पिढीला 'वळण' म्हणून दिली जाते. म्हणून आम्ही असे मानतो की आपल्या घरांतून 'किती पाणी प्यावे' हा केवळ आरोग्याचा प्रश्न नाही. मनसोक्त पाणी पिणे ही आपल्याला नव्याने शिकावी लागणारी गोष्ट आहे.

शरीराचा जमाखर्च

आता शरीराकडे वळू. प्रौढ पुरुषाच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पाणी असते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण थोडे कमी, ५० ते ५५ टक्क्यांच्या आसपास, आणि नवजात बालकात सुमारे ७५ टक्के असते. रक्त, स्नायू, मेंदू, सांधे या सर्वांचे काम या पाण्यावर चालते. अन्नरस पेशींपर्यंत नेणे, टाकाऊ द्रव्ये मूत्रपिंडांमार्फत बाहेर टाकणे आणि घामाच्या रूपाने शरीर थंड ठेवणे, ही त्याची मुख्य कामे.

हे पाणी रोज खर्च होते. साध्या हवेत, बैठे काम करणाऱ्या प्रौढाचा दिवसाचा हिशेब शरीरशास्त्राच्या पुस्तकांत साधारणपणे असा दिलेला असतो :

खर्च : लघवीवाटे सुमारे दीड लिटर, त्वचा व श्वासावाटे, आपल्या नकळत, ८०० ते ९०० मिलिलिटर, शौचावाटे १०० ते २०० मिलिलिटर. एकूण सुमारे अडीच लिटर.

जमा : पेयांतून सुमारे दीड लिटर, अन्नातून सुमारे ७०० मिलिलिटर, आणि अन्नाचे ज्वलन होताना शरीरातच तयार होणारे पाणी २५० ते ३०० मिलिलिटर. एकूण तेवढेच, अडीच लिटर.

या हिशेबातील दुसरी बाब बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. आपण पाणी केवळ पीत नाही, खातोही. शिजलेल्या भातात निम्म्याहून बरेच अधिक पाणी असते. वरण, आमटी, कालवण यांत त्याहून जास्त. ताकात आणि कलिंगडात तर नव्वद टक्क्यांच्या वर. भाकरी कोरडी दिसते, पण तीही पिठात पाणी घालूनच थापलेली असते. म्हणजे वरण-भात-भाजी-ताक असे जेवण करणाऱ्याची गरज आणि फरसाण, बिस्किटे खाऊन दिवस काढणाऱ्याची गरज एकच असणार नाही.

'आठ ग्लास' आले कोठून?

'दिवसाला आठ ग्लास' हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकले आहे की ते निसर्गनियमच वाटते. इतिहासाच्या अभ्यासकाने प्रत्येक प्रचलित विधानाचे मूळ शोधावे, असे आम्हाला आमच्या गुरूंनी शिकविले. या विधानाचे एक संभाव्य मूळ १९४५ सालच्या एका अमेरिकी शिफारशीत सापडते. तेथील आहारविषयक मंडळाने प्रौढांसाठी दिवसाला अडीच लिटर पाणी सुचविले होते. अन्नाच्या दर कॅलरीमागे एक मिलिलिटर असे त्याचे गणित होते. मात्र त्याच ठिकाणी पुढे असेही म्हटले होते की यातील बराचसा भाग शिजविलेल्या अन्नातूनच मिळतो. लोकांनी पहिले वाक्य लक्षात ठेवले, दुसरे विसरले. २००२ मध्ये हाइन्झ व्हाल्टिन या मूत्रपिंडाच्या अभ्यासकाने उपलब्ध संशोधन तपासून असा निष्कर्ष मांडला की समशीतोष्ण हवेत राहणाऱ्या निरोगी प्रौढांना आठ ग्लास पाण्याची सक्ती करावी, याला वैज्ञानिक आधार मिळत नाही. अर्धे वाक्य वगळल्याने इतिहासाचा जसा विपर्यास होतो, तसा आरोग्याचाही होतो.

मग शास्त्र काय सांगते? २००४ मध्ये अमेरिकेच्या वैद्यक संस्थेने एकूण पाण्याचे पुरेसे प्रमाण पुरुषांसाठी ३.७ लिटर आणि स्त्रियांसाठी २.७ लिटर असे दिले. त्यातील सुमारे ८० टक्के पेयांतून आणि २० टक्के अन्नातून मिळते असे धरले. २०१० मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने पुरुषांसाठी २.५ आणि स्त्रियांसाठी २ लिटर असे प्रमाण दिले. तेही अन्न धरूनच. गर्भवतीसाठी त्यात सुमारे ३०० मिलिलिटरची आणि अंगावर पाजणाऱ्या मातेसाठी सुमारे ७०० मिलिलिटरची भर घालावी असे सांगितले. याच संस्थेने ९ ते १३ वयाच्या मुलांसाठी २.१ लिटर आणि मुलींसाठी १.९ लिटर असे एकूण प्रमाण दिले आहे.

दोन मोठ्या संस्था आणि त्यांच्या आकड्यांत एवढा फरक, हे पाहून वाचकाने गोंधळू नये. २०२२ मध्ये २३ देशांतील ५,६०४ लोकांच्या शरीरातील पाण्याची उलाढाल मोजणारा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ दिवसांच्या बालकापासून ९६ वर्षांच्या वृद्धापर्यंत त्यात समावेश होता. उष्ण व दमट हवा, अंगमेहनतीचे काम, शरीराची ठेवण आणि वय यांनुसार ही उलाढाल पुष्कळ बदलते, असे त्यात दिसले. गरीब देशांतील लोकांची उलाढाल अधिक भरली. कारण तेथील माणूस उन्हात राबतो, त्याला थंड खोली नसते. म्हणजे सर्वांना लागू पडणारा एकच आकडा नाही. लंडनमधील कारकुनासाठी काढलेले माप एप्रिलमधल्या कोल्हारच्या शेतमजुराला पुरणार नाही.

तरीही पालकांना हाताशी धरायला काही माप हवे असते. वरील सर्व पाहून आम्ही आपल्यासाठी असे ढोबळ माप मांडतो. साध्या हवेत, बैठे काम करणाऱ्या निरोगी प्रौढाने पाणी, ताक, चहा असे सर्व मिळून दोन लिटरच्या आसपास प्यावे. आपल्या निवासी शाळेतील १० ते १३ वर्षांच्या मुलामुलींना जेवणातील पाणी सोडून दीड लिटरच्या आसपास लागते. खेळ, ऊन आणि मेहनत यांप्रमाणे हे माप वाढते. चहातही पाणीच असते, त्यामुळे तो हिशेबात धरायला हरकत नाही. मात्र लहान मुलांची तहान चहावर भागवू नये.

दोन विश्वासू साक्षीदार

मापापेक्षा अधिक भरवशाचे दोन साक्षीदार प्रत्येकाच्या शरीरातच आहेत. पहिला साक्षीदार तहान. रक्तातील क्षारांची दाटी एक-दोन टक्क्यांनी वाढली की मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग ते ओळखतो, तहान लावतो आणि त्याच वेळी एका संप्रेरकाद्वारे मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवण्याचा आदेश देतो. निरोगी माणसात ही व्यवस्था फार अचूक असते. मात्र तीन ठिकाणी तिच्यावर पूर्ण विसंबू नये. वृद्धांची तहान मंदावते. घरातील आजी-आजोबांना आठवणीने पाणी द्यावे लागते. खेळात रमलेल्या मुलांना तहानेचे भान राहत नाही. आणि कडक उन्हात राबणाऱ्याचा घाम तहानेच्या पुढे धावतो.

दुसरा साक्षीदार लघवीचा रंग. गव्हाच्या वाळल्या काडासारखा फिकट पिवळा रंग असेल तर पाणी पुरेसे आहे. गडद पिवळा वा तपकिरी रंग, उग्र वास आणि दिवसातून फक्त दोन-तीन वेळा होणारी थोडी थोडी लघवी ही पाणी कमी पडल्याची खूण. या विषयावर बोलायला आपण लाजतो. पण शिक्षकाने आणि आईने मुलांना ही खूण स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी घटले तर लक्ष लागत नाही, डोके दुखते, थकवा येतो. ४० किलो वजनाच्या मुलाच्या बाबतीत दोन टक्के म्हणजे अवघे ८०० मिलिलिटर. दुपारच्या तासाला पेंगणारा विद्यार्थी प्रत्येक वेळी आळशीच असतो असे नाही. कधी तो केवळ तहानलेला असतो.

कडी नसलेले दार

येथे आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे आवश्यक आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत आम्ही दुसऱ्या एका गावच्या शाळेत होतो. मार्च महिन्यात सकाळच्या परिपाठाला आठवीतील एक मुलगी चक्कर येऊन पडली. तिला सावलीत नेले, पाणी पाजले, ती सावरली. दुसऱ्या दिवशी आम्ही परिपाठात पाण्याचे महत्त्व या विषयावर चांगले वीस मिनिटे बोललो. मुले ऐकत होती. मुली मान खाली घालून उभ्या होत्या. भाषण चांगले झाले असे आम्हाला वाटले.

दुपारी एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी आम्हाला बाजूला बोलावून सांगितले, "सर, मुलींना पाणी प्यायचं कळत नाही असं नाही. त्यांच्या संडासाच्या दाराला कडी नाही. म्हणून त्या सकाळपासून घोटभरसुद्धा पीत नाहीत." आम्ही गेलो आणि पाहिले. दार होते, कडी निघून गेलेली होती, आत पाण्याची बादली नव्हती. ज्या मुलीला आम्ही उपदेश केला, तिने आपल्या अब्रूसाठी तहान मारली होती. आमच्या आजीने जे केले तेच. कारण बदलले होते, तहान तीच होती. त्याच दिवशी गावातील सुताराकडून कडी बसवून घेतली आणि बादलीची व्यवस्था केली. त्यानंतर पुन्हा भाषण करावे लागले नाही.

या प्रसंगाने आम्हाला जे शिकविले ते असे : 'पाणी प्या' हा उपदेश शौचालयाच्या व्यवस्थेवाचून अर्धवट आहे. लघवी रोखून धरल्याने आणि पाणी कमी प्याल्याने मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता, मुतखडा अशा तक्रारी वाढतात आणि त्यांचा भार मुलींवर अधिक पडतो. मासिक पाळीच्या दिवसांत हे दुखणे दुप्पट होते. ज्या शाळेत, कारखान्यात वा कार्यालयात स्त्रिया पाणी पीत नाहीत, तेथे आधी दाराची कडी पाहावी.

ऊन, ऊस आणि घाम

आपल्या शाळेतील काही मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात. पाथर्डी, शेवगाव आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दिवाळीनंतर कोयता घेऊन निघालेली कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. फडात सावली नसते, आडोसा नसतो, आणि पाण्याची कळशी बांधावर दूर असते. स्त्रिया तर आडोशाअभावी दिवसभर पाणी टाळतात. या पालकांसाठी पुढील मजकूर मुलांनी घरी मोठ्याने वाचून दाखवावा, अशी विनंती आहे.

उन्हात अंगमेहनत करताना एकदम तांब्याभर पिण्यापेक्षा दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. कामावर जाण्यापूर्वीच पिऊन निघावे. घामाबरोबर मीठही जाते, म्हणून अधूनमधून मीठ घातलेले ताक, लिंबाचे सरबत किंवा भाताची पेज घ्यावी. पायांत गोळे येणे, मळमळ, चक्कर ही पहिली सूचना. तेव्हाच सावलीत बसावे. अंग तापलेले, बोलणे असंबद्ध आणि शुद्ध हरपत चाललेली, ही उष्माघाताची खूण. अशा वेळी कपडे सैल करून अंगावर पाणी मारावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका तात्काळ बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते.

जुलाब-उलट्यांत तर पाणी हेच औषध असते. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा मिसळलेले पाणी पिंपांतून वाटले. नातलगांनीच ते रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. हेच ज्ञान आज पाकिटात मिळते. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून, विरघळवावे. मीठ याहून अधिक घालू नये.

अति तेथे माती

पाणी चांगले म्हणून ते वाटेल तेवढे प्यावे, असेही नाही. निरोगी मूत्रपिंडे तासाला पाऊण ते एक लिटरपर्यंतच पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून अधिक पाणी थोड्या वेळात रिचविले तर रक्तातील सोडियम पातळ होते, मेंदूला सूज येऊ शकते आणि जीवही जाऊ शकतो. पैजा लावून पाणी पिण्याचे खेळ मुलांना कदापि खेळू देऊ नयेत. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांनी दिलेले मापच पाळावे. उलट ज्यांना मुतखडा होऊन गेला आहे, त्यांनी लघवी दिवसाला दोन-अडीच लिटर होईल इतके पाणी प्यावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. तथागतांनी सांगितलेला मध्यम मार्ग येथेही लागू पडतो.

किती याबरोबर कसले

भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांत, म्हणजे जवळ बाळगावयाच्या आठ वस्तूंत, चीवर आणि भिक्षापात्र यांच्याबरोबर परिस्सावन म्हणजे पाणी गाळण्याचे वस्त्र आहे. पाण्यातील सूक्ष्म जीवांना इजा होऊ नये हा त्यामागचा करुणेचा भाव. ज्या संघात एवढ्या थोड्या वस्तूंना परवानगी होती, तेथे पाणी गाळण्याच्या साधनाला जागा मिळाली, ही लहान गोष्ट नव्हे.

आज मात्र गाळणे पुरेसे नाही. गाळल्याने कचरा जातो. जंतू मारण्यासाठी पाणी उकळावे किंवा त्यात क्लोरीन घालावे लागते. आपल्या बागायती पट्ट्यात आणखी एक सावधगिरी हवी. शेतात पडणाऱ्या रासायनिक खतांतील नायट्रेट झिरपत विहिरी-बोअरच्या पाण्यात उतरू शकते. पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक आहे. नायट्रेट गाळून जात नाही, उकळूनही जात नाही. उकळल्यास पाणी आटून त्याची दाटी वाढतेच. तान्ह्या बाळांना ते विशेष घातक. म्हणून जेथे बोअरचे पाणी पिण्यात आहे, तेथे ते वर्षातून एकदा तरी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. 'चवीला गोड आहे' ही तपासणी नव्हे.

आपण काय करावे?

निवासी शाळेसाठी आणि घरासाठी आम्ही पुढील नियम सुचवितो.

१. सकाळी उठल्यावर, प्रत्येक जेवणाबरोबर, मधल्या सुट्टीत आणि खेळाच्या आधी व नंतर मुलांनी एकेक पेला पाणी प्यावे. एवढे केले तरी दीड लिटरचे माप सहज भरते. जेवताना पाणी पिऊ नये, या समजुतीला भक्कम आधार नाही.

२. तासाला पाणी पिण्याची वा लघवीला जाण्याची परवानगी मागणाऱ्या मुलाला शिक्षकाने अडवू नये. नळाची चावी एकाच माणसाच्या हाती असणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

३. मुलींच्या प्रत्येक शौचालयाला आतून कडी, उजेड आणि पाणी आहे का, हे दर आठवड्याला एका शिक्षिकेने पाहून वहीत नोंदवावे.

४. पाण्याची टाकी दर पंधरा दिवसांनी धुवावी आणि धुतल्याची तारीख टाकीवर लिहावी.

५. पाणी काढण्यासाठी दांड्याचे ओगराळे ठेवावे. हात बुडवू नये.

६. तांब्या सर्वांचा एकच असावा. कोणाचा वेगळा नसावा.

शासनाने जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण माणसामागे दिवसाला ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यातले पिण्यासाठी लागतात जेमतेम दोन-तीन लिटर. एवढे स्वच्छ पाणी प्रत्येकाला देणे ज्या गावाला जमत नाही, त्या गावाची अडचण पाण्याची नसून नियोजनाची आणि मनाची असते. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय युद्धाला उभे राहिले, तेव्हा सिद्धार्थाने त्या युद्धाला विरोध केला आणि गृहत्यागही पत्करला, असे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात मांडले आहे. पाण्याच्या वाटपाचा प्रश्न आपल्या परंपरेत इतका मुळाशी आहे.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करून हा लेख संपवितो. वर्धापनदिनी आपण शाळेला प्रेमाने भेटी देता. घड्याळे येतात, तसबिरी येतात. या वर्षी येताना एखाद्याने वसतिगृहाच्या टाकीसाठी नवा नळ आणावा, एखाद्याने पाणी तपासणीचा खर्च उचलावा आणि एखाद्याने पितळी कड्या आणाव्यात. त्या बसवायला आम्ही पेचकस घेऊन थांबलो आहोत.